चेहऱ्याची ऑर्डर, पानाची ऑर्डर

जी. डी. आर्टची पदविका किंवा फाइन आर्टची पदवी घेऊन बाहेर पडणारी मुलं हल्ली 'प्रदर्शन कुठे भरवू' हे फारसं विचारत नाहीत, 'ऑनलाइन कामं कुठून मिळतात' हे विचारतात. उत्तर म्हणून त्यांना बहुधा ॲपची आणि वेबसाइटची नावं ऐकायला मिळतात: इन्स्टाग्राम, फायव्हर, एट्सी, बिहान्स. ही नावं बरोबर आहेत, तरी ती वापरून बघून सहा-आठ महिन्यांत निराश झालेली कितीतरी चांगल्या हाताची मुलं दिसतात. माझ्या मते यामागचं कारण एकच आहे. स्वतःचा किंवा आपल्या माणसाचा चेहरा काढून घेणारा ग्राहक आणि पुस्तकाचं पान चितारून घेणारा ग्राहक ही दोन सर्वस्वी वेगळी माणसं आहेत. ती वेगळ्या कारणाने पैसे खर्च करतात, वेगळ्या ठिकाणी शोधतात, वेगळे प्रश्न विचारतात. दोघांसाठी एकच पान आणि एकच जाहिरात ठेवली की ती दोघांनाही आपली वाटत नाही.

ही विभागणी इंटरनेटच्या फार आधीची आहे. राजा रविवर्मा बडोद्याला सयाजीराव गायकवाडांकडे गेले ते दरबारच्या बोलावण्यावरून. व्यक्तिचित्राचं काम एका घराण्याकडून दुसऱ्या घराण्याकडे ओळखीने आणि शिफारशीने पोचत असे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्याकडे मात्र कामं आली ती संपादकांच्या आणि प्रकाशकांच्या टेबलावरून: दिवाळी अंकांची आणि कादंबऱ्यांची मुखपृष्ठं, कथाचित्रं. दलालांनी तर १९४५ साली स्वतःचाच 'दीपावली' अंक सुरू केला. आज घराण्यांच्या जागी साधी मध्यमवर्गीय घरं आली आणि संपादकांच्या जोडीला स्वतःचं पुस्तक स्वतः काढणारे लेखक, शैक्षणिक ॲप, यूट्यूब चॅनेल आले. दारं मात्र दोनच राहिली.

आधी चेहऱ्याचं दार बघू.

पोर्ट्रेटच्या जवळजवळ प्रत्येक ऑर्डरमागे एक तारीख असते. वडिलांची षष्ठ्यब्दी, आईबाबांच्या लग्नाची पन्नास वर्षं, बाळाचा पहिला वाढदिवस, आजोबांचं वर्षश्राद्ध, साखरपुडा, नव्या घराची वास्तुशांत. 'मला एक चांगलं पेन्सिल पोर्ट्रेट हवंय' असं म्हणून कुणी शोधायला बसत नाही. 'बाबांना साठीला काय द्यावं' हा विचार आधी येतो आणि चित्र त्याचं उत्तर म्हणून सुचतं. म्हणून ज्या चित्रकाराच्या पानावर नुसती सुंदर रेखाटनं आहेत त्याच्यापेक्षा ज्याच्या पानावर 'आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तीन भावंडांनी मिळून दिलेलं चित्र' अशी एक ओळ आहे, त्याच्याकडे विचारणा जास्त येते. चित्राखाली कागद कुठला, पेन्सिल किती बी, हे लिहिणारे पुष्कळ. चित्र कुणी, कुणाला, कशासाठी दिलं हे लिहिणारे फार थोडे, आणि ग्राहकाला नेमकं तेच वाचायचं असतं. अर्थात त्या घराची परवानगी घेऊन.

या बाजाराचा हंगामही तारखांवरच चालतो. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईची कामं सुरू होतात. त्यात आता जोडप्याच्या कॅरिकेचरची डिजिटल लग्नपत्रिका हा मोठा भाग झाला आहे. फेब्रुवारीचा व्हॅलेंटाइन, मे महिन्यातला मातृदिन, गणपती-दिवाळी हे बाकीचे मोसम. परदेशी ग्राहकांवर भिस्त असेल तर नाताळ सगळ्यात मोठा. पण नाताळची कामं डिसेंबरात मिळत नाहीत, ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात ठरतात आणि त्यासाठीची चित्रं सप्टेंबरातच लोकांच्या नजरेस पडायला लागतात.

परदेशातल्या मराठी घरांकडे आपले चित्रकार पुरेसं लक्ष देत नाहीत, असं मला वाटतं. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, त्याचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं, आणि गावोगावच्या मंडळांचे गणेशोत्सव, दिवाळी कार्यक्रम, स्मरणिका वेगळ्या. स्मरणिकेला मुखपृष्ठ लागतं, कार्यक्रमाला पोस्टर लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे न्यू जर्सीतली मुलगी कोथरूडच्या आईवडिलांसाठी चित्र करून घेते तेव्हा पैसे तिकडून येतात आणि चित्र पुण्यातल्या पुण्यात पोचतं. कस्टम नाही, विमानाचं पार्सल नाही, काच फुटायची भीती नाही. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली आयात शुल्काची सूट काढून घेतली. त्या सुमारास आपल्या टपाल खात्यानेही तिकडची पार्सलं काही आठवडे थांबवली होती. नळीत गुंडाळलेली चित्रं पाठवणाऱ्यांचे त्या काळात फार हाल झाले. डिजिटल फाइल पाठवणाऱ्यांना आणि इकडेच पोचवणाऱ्यांना त्याची झळ लागली नाही.

आता फोटो. पोर्ट्रेटच्या कामातली निम्मी भांडणं फोटोपाशीच सुरू होतात. आजोबांचा म्हणून जो फोटो येतो तो बहुतेकदा कुणाच्यातरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला असतो, नाहीतर पासबुकावरचा. बँकेच्या शिक्क्याची निळी कड गालावरून गेलेली असते, टोपीच्या सावलीत दोन्ही डोळे बुडालेले असतात, एका कानाचा पत्ता नसतो. वर तो फोटो मोबाइलने कपाटाच्या काचेतून काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो, म्हणजे उरलासुरला तपशीलही दाबला गेलेला. अशा वेळी नवखा चित्रकार 'चालेल' म्हणतो आणि डोळे मनाने काढतो. चित्र सुबक होतं. पण घरातली म्हातारी आजी ते हातात घेऊन म्हणते, 'हे नाहीत ते.' लाइकनेस चुकली की बाकी सगळं फुकट जातं.

अनुभवी माणूस आधी तीन-चार फोटो मागतो, वय वेगळं असलं तरी चालेल म्हणतो, कारण नाकाचा कणा आणि भुवयांची ठेवण फारशी बदलत नाही. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगतो, म्हणजे तो दाबला जात नाही. मुलाचा चेहरा वडिलांवर गेला असेल तर मुलाचाही फोटो मागून घेतो. आणि इतकं करूनही जमण्यासारखं नसेल तर नाही म्हणतो. हे 'नाही' म्हणणं धंद्याच्या विरुद्ध वाटतं. प्रत्यक्षात ज्याला नकार दिला तोच माणूस पुढे चांगला फोटो सापडल्यावर परत येतो, आणि येताना दुसऱ्यालाही घेऊन येतो.

विचारणा येते ती बहुधा दोन शब्दांची असते: 'रेट काय?' याला 'डीएम करा' किंवा 'साइजवर अवलंबून आहे' असं उत्तर दिलं की संवाद तिथेच संपतो. ज्याला भाव माहीत नाही तो माणूस मनातून संकोचलेला असतो. दोनशे रुपये असतील की वीस हजार, याचा त्याला अंदाज नसतो, आणि परवडलं नाही तर नाही कसं म्हणायचं ही धास्ती असते. म्हणून सुरुवातीचा भाव उघड लिहावा, या मताचा मी आहे. समजा, 'ए-फोर कागदावर एका चेहऱ्याचं पेन्सिल चित्र २,५०० रुपये, दोन चेहरे ४,००० रुपये, फ्रेम आणि कुरिअर वेगळं, दहा दिवस लागतात, निम्मे पैसे आधी.' एवढी माहिती पिन केलेल्या पोस्टमध्ये असली तर निम्मे प्रश्न उरत नाहीत, आणि जे विचारायला येतात ते ठरवूनच येतात. भाव लिहिला तर लोक पळतात, ही भीती खरी आहे. पण पळणारे तेच असतात जे शेवटी 'एवढ्याशा चित्राचे एवढे?' म्हणणार होते.

भाव ठरवताना तास मोजावेत. ए-थ्री आकाराचं बारकाईने केलेलं पोर्ट्रेट २० तास घेत असेल आणि ते १,५०० रुपयांना दिलं, तर तासाला ७५ रुपये पडले. त्यातून चांगला कागद, फिक्सेटिव्ह, पॅकिंग जायचं. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की भाव वाढवायला धीर येतो.

दाखवायचं कुठे, तर चेहऱ्यांच्या कामासाठी इन्स्टाग्राम अजूनही पहिलं. चित्र तयार होतानाची रील लोक शेवटपर्यंत बघतात हे खरं आहे, मात्र बघणारे आणि घेणारे एकच नसतात. लाखो लोकांनी पाहिलेल्या रीलवरून एकही ऑर्डर न येणं ही नेहमीची गोष्ट आहे, कारण पाहणाऱ्यांत बहुतांश इतर चित्रकारच असतात. खरं काम करतो तो व्हॉट्सॲपचा स्टेटस, सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप. चित्र भेट दिल्याचा फोटो तिथे पडतो, त्याखाली 'कुणी काढलं?' असं कुणीतरी विचारतं. हीच आजची शिफारस. चित्राच्या मागच्या बाजूला नाव, फोन नंबर आणि इन्स्टाग्रामचा पत्ता छापलेलं एक लहान लेबल लावण्याइतकी स्वस्त जाहिरात दुसरी नाही. जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यांवरच्या सार्वजनिक पोस्टही गूगलच्या शोधात दिसू लागल्या आहेत, तेव्हा चित्राखाली गावाचं नाव आणि प्रसंग साध्या मराठीत लिहिणं आता दुप्पट उपयोगाचं आहे.

बाजारपेठेसारख्या वेबसाइटबद्दल थोडक्यात. फायव्हर कलाकाराकडून २० टक्के कापून घेतं आणि काम संपल्यावरही साधारण दोन आठवडे पैसे अडकवून ठेवतं. ५० डॉलरच्या कामाचे ४० हाती येतात, ते रुपयांत येताना आणखी थोडे झिजतात. एट्सी वस्तू मांडायचे २० सेंट आणि विक्रीवर साडेसहा टक्के घेतं, पैसे वळते करण्याचे आणि जाहिरातीचे आकार वेगळे. अपवर्कवर कामासाठी बोली लावायलाच 'कनेक्ट्स' विकत घ्यावे लागतात. या ठिकाणी नव्या माणसाला सुरुवातीचे पाच-दहा अभिप्राय मिळेपर्यंत कुणी विचारत नाही, आणि ते मिळवायला तो भाव पाडतो. मग त्या पाडलेल्या भावाचेच ग्राहक येत राहतात. तरी मी त्यांना सरसकट वाईट म्हणणार नाही. पाळीव प्राण्यांची चित्रं, खेळातल्या पात्रांची चित्रं यांना परदेशात जी मागणी आहे ती आपल्या गल्लीत नाही, आणि तिथे पोचायला हा सोपा रस्ता आहे. फक्त सगळं दळण त्याच गिरणीत नेऊ नये.

आता पानाचं दार. इथे ग्राहक भावनेने येत नाही, कामासाठी येतो. संपादकाला, लेखकाला, ॲपवाल्याला एकच शंका असते: हा माणूस तेच पात्र चोवीस पानांवर तसंच काढू शकेल का, आणि वेळेवर देईल का? त्यामुळे सुट्या सुंदर चित्रांनी भरलेलं पान त्याच्या कामाचं नसतं. एकच मुलगी पळताना, रडताना, पाठमोरी, पावसात, आजीच्या मांडीवर अशी सहा चित्रांत दाखवली, तर त्याला हवं ते दिसतं. त्यासोबत एका पानाचं कच्चं रेखाटन आणि पक्कं चित्र शेजारी शेजारी. हे बिहान्सवर किंवा स्वतःच्या साध्या वेबसाइटवर ठेवावं. हे लोक इन्स्टाग्रामवर आवड म्हणून फिरतात, काम देताना मात्र पीडीएफ मागतात.

आणि इथे थेट पत्र चालतं, जे पोर्ट्रेटच्या धंद्यात कधीच चालत नाही. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, एकलव्य, तूलिका, तारा बुक्स यांची पुस्तकं आधी वाचून, त्यांच्या धाटणीत आपलं काय बसतं हे ठरवून, चार ओळींचं पत्र आणि पाच-सहा चित्रं पाठवावीत. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवलेला संपादकाला लगेच ओळखू येतो. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' २०१५ पासून खुल्या परवान्याखाली पुस्तकं देतं. तिथली चित्रं बघितली तरी आज भारतात मुलांसाठी कशी चित्रं काढली जातात याचा उत्तम धडा मिळतो. दिवाळी अंकांची कामं पावसाळ्यातच वाटली जातात, ऑक्टोबरात विचारून उपयोग नसतो. मराठीत मानधन कमी आहे, हे दुःख मी लपवणार नाही. मुखपृष्ठाच्या पैशांत महिना निघत नाही. पण छापील पुस्तकावर नाव असलेला माणूस परदेशी लेखकापुढे वेगळ्या पायरीवर उभा राहतो. ॲमेझॉनवर स्वतःचं बालपुस्तक काढणारे लेखक जगभर आहेत. आपल्याकडच्या पुष्कळ चित्रकारांचं घर आज त्यांच्यावर चालतं. हे लेखक पहिल्यांदाच पुस्तक करत असतात, त्यामुळे पानांची संख्या, बदल किती वेळा, पैसे किती टप्प्यांत, हे चित्रकारानेच समजावून सांगावं लागतं. 'चाचणी म्हणून एक पान फुकट करा' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणावं. जुनं काम हीच चाचणी.

कायद्यानेही या दोन दारांत फरक केला आहे, आणि तो फार थोड्या चित्रकारांना माहीत असतो. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७(ब) असं की पैसे देऊन कुणी पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक ते काढून घेणारा असतो, चित्रकार नव्हे. म्हणजे ते पोर्ट्रेट पुढे प्रिंट करून विकायचं असेल तर हक्क आपल्याकडे ठेवल्याचं आधी लिहून घ्यायला हवं. स्वतंत्र चित्रकाराने पुस्तकासाठी केलेल्या रेखाचित्राचे हक्क सामान्यतः त्याचेच. ते द्यायचे तर सही केलेला लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम ५७ प्रमाणे चित्रावर आपलं नाव असण्याचा आणि त्याची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क मात्र कॉपीराइट दिल्यावरही राहतो. विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाच्या खटल्यात २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अमरनाथ सहगल यांना न्याय दिला तो याच कलमावर.

फोटोचंही तसंच. आजोबांनी स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेला फोटो घराचाच, पण वृत्तपत्रातल्या छायाचित्रकाराने टिपलेला नटाचा फोटो घराचा नाही. तो हुबेहूब उतरवून त्याच्या प्रती विकणं धोक्याचं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये चित्रकार वॉरहॉलच्या प्रकरणात हाच मुद्दा लावून धरला. छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्या फोटोवरून वॉरहॉलने केलेलं गायक प्रिन्सचं चित्र मासिकाच्या मुखपृष्ठाला दिलं गेलं, ते न्याय्य वापरात बसत नाही असा निकाल लागला.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. २०२२ साली मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं बनवणारे प्रोग्रॅम आले, वर्षाअखेर आर्टस्टेशन या वेबसाइटवर कलाकारांनी निषेधाची चित्रं लावली. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीवर जो तो आपले फोटो 'घिबली' धाटणीत बदलून घेऊ लागला. चार-पाचशे रुपयांत डिजिटल कार्टून काढून देणाऱ्यांचा धंदा त्यानंतर बसला, आणि तो परत उभा राहील असं मला वाटत नाही. टिकलं ते दोन प्रकारचं काम. एक, हाताने कागदावर किंवा कॅनव्हासवर केलेलं, ज्यात मूळ वस्तू भिंतीवर लागते. दुसरं, ज्यात चित्रकाराला विचार करावा लागतो: तीन फोटोंतून एक चेहरा जुळवणं, कधीच एकत्र न भेटलेले पणजोबा आणि पणतू एका चित्रात बसवणं, लेखकाच्या गोष्टीत जे लिहिलेलं नाही ते पानावर आणणं. आज बाजारात उतरणाऱ्याने स्वस्त आणि झटपट हा रस्ता धरूच नये.

पैशांच्या बाबतीत सावध राहावं. पेपलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे पोचवणं बंद केलं, परदेशातून येणारे अजून घेता येतात. बँकेतून परदेशी रकमेचा दाखला मागून ठेवावा. सेवा देणाऱ्याला जीएसटीच्या नोंदणीची मर्यादा साधारणपणे वर्षाला २० लाख रुपये आहे, तिच्या जवळ जाण्याआधीच सीएला भेटावं. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. 'क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील' म्हणणारा चोरच असतो. 'तुमचाच फोटो बघून भित्तिचित्र करतो, चेक पाठवतो, जास्तीचे पैसे परत करा' हा परदेशी प्रकार इन्स्टाग्रामवर सर्रास चालतो. 'तुमचं चित्र एनएफटी म्हणून घेतो, आधी फी भरा' हाही तसाच. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, उशीर झाला की रक्कम थोपवणं अवघड होतं.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो जुना ग्राहक. ज्यांनी एकदा चित्र घेतलं त्यांची नावं, प्रसंग आणि तारखा एका वहीत किंवा साध्या शीटमध्ये लिहून ठेवाव्यात. साखरपुड्याचं चित्र घेतलेल्या घरात वर्षा-दोन वर्षांत बारसं असू शकतं. वडिलांच्या पंचाहत्तरीला चित्र घेतलेल्या घरात सहा वर्षांनी सहस्रचंद्रदर्शन असतं, आणि त्या घराला 'या वेळी आईबाबा दोघांचं एकत्र करूया का' एवढं विचारणारा एक साधा संदेश दोन महिने आधी गेला, तर त्याला उत्तर येतंच.